सोनकुसरेबाईंचा काक्षी

पावसासाठी नाही, उन्हासाठी नाही, आणि तरी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आमच्या गच्चीच्या कठड्याला एक काळी छत्री उघडी बांधलेली असे. रेशीमबागेतल्या आमच्या गल्लीत कोणी नवा राहायला आला की पहिल्या आठवड्यात मला तिच्याबद्दल विचारी. जुने लोक विचारत नसत. "बाईंची छत्री लागली, आता थंडी आहे अजून," एवढंच म्हणत.

छत्री होती ती समोरच्या खांबावरच्या दिव्यासाठी. आधी तिथे पिवळा, मिणमिणता दिवा होता. मग पांढरा, झगझगीत दिवा आला आणि त्याचा उजेड सरळ आमच्या गच्चीवर पडू लागला. सगळ्या गल्लीला आनंद झाला. सोनकुसरेबाईंना झाला नाही. त्यांनी अर्ज केला नाही की भांडण काढलं नाही. छत्री आणून कठड्याला सुतळीने बांधली, तिच्या सावलीत एक लाकडी खुर्ची ठेवली आणि बसल्या. समोरच्या किराणा दुकानातून दादाराव ओरडले, "काय बाई, चांदण्याचं ऊन लागून राहिलं का तुम्हाले?"

"चांदण्याचं नाही, दादाराव. तुमच्या दिव्याचं," बाई वरून म्हणाल्या. "तुमच्या मापात कोणी बोट घातलं तर चालते का तुम्हाले?"

दादाराव हसले, पण तराजूकडे एकदा पाहून घेतलं.

यमुना सोनकुसरे हे त्यांचं पूर्ण नाव. मुलींच्या एका शाळेत त्या भूगोल शिकवत. लग्न केलं नव्हतं. आम्ही घर बांधून राहायला आलो त्याच वर्षी, साठच्या दशकाच्या मध्यावर, त्या वरची खोली पाहायला आल्या. खोली त्यांनी पाहिलीच नाही. सरळ गच्चीवर गेल्या, चारी बाजूंना फिरल्या आणि मला विचारलं, "दक्षिणेकडचे लोक मजला चढवणार आहेत का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीची हमी मी देत नाही. त्या म्हणाल्या, "मग मी राहते." नळ, मोरी, भाडं याबद्दलचे प्रश्न नंतर आले, तेही माझ्या बायकोने, सुलभाने, काढले म्हणून.

मी एका कचेरीत हिशेबनीस. दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा तपासणं हे माझं काम. माणसांबद्दल मला लवकर काही कळत नाही, पण पद्धत लगेच दिसते. बाईंची पद्धत मला पहिल्याच हिवाळ्यात दिसली. साडेसहाला जेवण. मग खोलीतला दिवा बंद. मग गच्चीवर खुर्चीत डोळ्यांवर पदर घेऊन थोडा वेळ नुसतं बसणं, कारण उजेडातून आलेल्या डोळ्याला ताऱ्यांचं काही कळत नाही. मग पदर काढून त्या वर पाहात, चार ठिकाणी. मृगाच्या खांद्यावरचा तांबडा काक्षी, पायाशी निळसर राजन्य, पलीकडे रोहिणी, आणि वर आलेला असला तर पूर्वेचा प्रश्वा. नंतर एक आकडा पुटपुटत मान खाली घालून तो अंधारातच वहीत टिपत. सगळं मिळून साडेसात ते आठ. आठनंतर त्या गच्चीवर कधी थांबत नसत. सकाळी शाळा असे.

हे सगळं काक्षीसाठी. पंचांगात जिला आर्द्रा म्हणतात ती हीच. इतर ठळक तारे आहेत तेवढेच दिसतात, पण हा कमी-जास्त होतो. काही महिन्यांचा एक झोका, त्यावर काही वर्षांचा एक मोठा झोका, आणि दोन्हींत नेम नाही. तो आज किती तेजस्वी आहे हे दुर्बिणीशिवाय सांगता येतं. रोहिणी त्याच्याहून मंद, राजन्य बहुधा त्याच्याहून तेज. या दोघांमधलं अंतर मनाशी दहा भागांत तोडायचं आणि काक्षी कुठे बसतो ते ठरवायचं. "रोहिणीपासून सहा, राजन्यापासून चार." झालं त्या दिवसाचं काम.

"मनाशी दहा भाग?" मी म्हटलं. "बाई, आमच्याकडे याला अंदाज म्हणतात आणि तो लाल शाईने खोडतात."

"शंभरदा केलेला अंदाज, आणि दरवेळी कालचा विसरून केलेला," त्या म्हणाल्या. "मग त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

कालचा आकडा विसरण्याची त्यांची हातोटी खरीच विलक्षण होती. दुपारी शाळेतून येताना त्या मुद्दाम दुसरे आकडे घोकत, देशांची क्षेत्रफळं, नद्यांच्या लांब्या, आणि संध्याकाळपर्यंत कालचं पुसून टाकत.

लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. टक लावली की तो डोळ्यात फुगतो आणि आहे त्याहून मोठा वाटतो. "नव्या सुनेकडे पाहतात तसं पाहायचं," त्या सुलभाला सांगत. "पाहिलं, सोडलं. पाहिलं, सोडलं."

"तुम्हाले कसं माहीत बाई, सुनेकडे कसं पाहतात?" सुलभाने विचारलं. ती बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. बाई मात्र मोठ्याने हसल्या. त्या मोठ्याने हसलेल्या मी फार वेळा पाहिल्या नाहीत.

सुलभाचं आणि त्यांचं जमे ते शेगडीवरून. तेव्हा घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या आणि थंडीत संध्याकाळी त्यांचा धूर गल्लीवर घोंगडीसारखा बसे. साडेसहाला जिन्यातून हाक येई, "वहिनी, शेगडी झाली का?" आणि सुलभा म्हणे, "झाली बाप्पा, तुमच्या ताऱ्यापायी आमच्या पोळ्या चार वाजता लाटून राहिली मी." कुरकुर करी, पण लाटत असे.

एकदा कोजागरीला आम्ही सगळे गच्चीवर दूध पीत बसलो होतो. मृग तेव्हा उगवलेला नव्हता. सुलभाने विचारलं, "तुमचा तो लाल दिसायला एवढासा. त्यात एवढं काय आहे?"

"पुस्तकात त्याला महाराक्षसी तारा म्हणतात," बाई म्हणाल्या. "मला तो शब्द आवडत नाही, पण आकार तसाच आहे. आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल, मंगळसुद्धा."

"बाई गं!"

"पण पसारा आहे तो, वहिनी. आतलं सरपण संपत आलं की असा तारा बाहेरून फुगत जातो. फुगतो म्हणून वरून थंड होतो, थंड होतो म्हणून लाल दिसतो. मोठे तारे जास्त जगत नाहीत. भसाभसा जळतात. हा एक दिवस फुटेल, तेव्हा भर दिवसा दिसेल."

"कधी?"

"उद्या. नाहीतर लाख वर्षांनी."

"मंग तुम्ही काहून रोज पाहून राहिल्या?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "कोणी तरी पाहात असलं पाहिजे नं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वर्गातली भाषा आणि घरातली भाषा अशी कधीकधी मिसळून जाई.

घरातली भाषा उमरेडची. वडील विणकर, हातमागावर करवती काठाची लुगडी विणणारे. सूत रंगवणंही घरीच. आई लवकर गेली. वडिलांच्या हाताखाली दोन मुलं, यमुना आणि तिच्याहून धाकटा शंकर. रंगवायला शंकर बसे आणि रंग जुळला की नाही हे यमुनेने सांगायचं अशी वाटणी होती. सुताच्या दोन लड्या अंगणात उन्हात धरायच्या आणि तिला बोलवायचं. ती नाही म्हणाली की लडी पुन्हा रांजणात. दिव्याच्या उजेडात वडील रंग कधीच जुळवू देत नसत. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात लाल चढतो आणि निळा मळतो, रंग फसवतो, हे त्या घरात पोरांना चालायला लागण्याआधी कळत होतं. हे मला शंकररावांनीच सांगितलं. "आमच्या घरी डोळा ताईचा अन् हात माझे," असं ते म्हणत.

शंकरराव एका रविवाराआड उमरेडच्या गाडीने येत. उंच, वाकलेले, नखं कायमची निळी. पिशवीत लाल तांदूळ, कधी वांगी. बहीणभाऊ गच्चीवर बसत आणि फारसं बोलत नसत. पाच वाजता, "जातो ताई," "जा गा," एवढं ऐकू येई आणि जिना वाजे. बाईंकडे येणारं माणूस म्हणजे हे एकच. दिवाळीला आम्ही त्यांना फराळाला बोलावत असू. त्या येत, दोन पदार्थ खात, तिसऱ्याला नको म्हणत आणि वर जात. त्या रात्री त्यांच्या खोलीत एक पणती असे, बाहेर नाही, आत. गच्चीवर उजेड चालत नसे.

मग शंकरराव यायचे बंद झाले.

कारण साडी. दर दोन वर्षांनी ते बहिणीसाठी एक साडी रंगवून, विणून आणत. पांढरी, निळ्या काठाची. त्या खेपेची साडी बाईंनी गच्चीवर, भर उन्हात उघडली, काठ बोटांत धरला आणि विचारलं, "हे काय आणलंस?"

मी खाली सायकल पुसत होतो. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"काय म्हणजे? निळा काठ. तुले लागते तोच."

"हा निळा आहे? हा राखेचा रंग आहे, शंकर. बाजारातली पुडी कालवली तू. बाबाच्या रांजणात भेसळ केली."

"ताई, देवाशपथ, तोच माल, तोच हिशेब..."

"मले शिकवू नको. माझा डोळा मले माहीत आहे."

मग जिना वाजला. शंकरराव माझ्या जवळून गेले. नेहमी "येतो भाऊ" म्हणत, ते म्हणाले नाहीत. साडी बाईंनी ट्रंकेत टाकली. रविवार येत राहिले आणि जात राहिले. सुलभाने दोनदा विषय काढला. "ज्या कामात बाप कधी खोटं वागला नाही, त्या कामात हा वागला," असं म्हणून बाईंनी तो मिटवला. आम्हाला त्या कडक वाटल्या. पण त्यांच्या डोळ्याबद्दल शंका घेणं आमच्या मनातही आलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत बाई एकट्या असत आणि काक्षी वाढत होता.

आधी त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मग एका वर्षी म्हणाल्या, "भाऊ, झोका परत फिरत नाहीये." पुढच्या वर्षी, "राजन्याच्या जवळ आला." ही गोष्ट लहान नव्हती. असा म्हातारा तारा सतत चढत गेला तर आत काहीतरी घडत असेल, कदाचित तेच, ज्याची त्या वाट पाहात होत्या. बाई बदलल्या. शाळेतून येताना पाऊल भरभर पडे. जिन्यात कधी गुणगुणणं ऐकू येई. त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सुलभाला त्या एकदा म्हणाल्या, "वहिनी, माझ्या हातून दुसरं काही झालं नाही. हे एक होऊन राहिलं."

परदेशात हौशी निरीक्षकांचं एक मंडळ होतं. बाई दरवर्षी आपले आकडे तिकडे टपालाने पाठवत. काक्षी वाढतो आहे असं त्यांनी त्यांना कळवलं. उत्तर आलं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. सभ्य पत्र होतं. इतरांच्या निरीक्षणांत अशी वाढ दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं की तुमच्या गावात दुसऱ्या कोणी हे पाहिलं आहे का.

"दुसरं कोणी," बाई म्हणाल्या. पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "दुसरं कोण आहे?"

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. मृग डोक्यावर आला होता, आकाश धुतल्यासारखं होतं. पावणेआठला जिन्यातून हाक आली, कधी नव्हे एवढ्या मोठ्याने. "भाऊ! वहिनी! वर या. दिवा न लावता या."

आम्ही चाचपडत वर गेलो. त्यांनी आम्हाला छत्रीच्या सावलीत उभं केलं, डोळे मिटायला लावले, थोड्या वेळाने उघडायला सांगितले. "तुम्ही तिघांतले दुसरे अन् तिसरे," त्या म्हणाल्या. "आज काक्षी राजन्याच्या पुढे गेला. पाहा, आणि सांगा."

मी पाहिलं. सोडलं. पुन्हा पाहिलं. खाली राजन्य निळसर पांढरा, टोचल्यासारखा चमकत होता. वर काक्षी तांबूस, ठळक, पण त्याच्याहून कमी. शंका घेण्याजोगं काही नव्हतं. काय बोलावं याचा मी विचार करत होतो, तोवर सुलभा बोलली.

"बाई, मले तं तो खालचा निळा मोठा दिसून राहिला."

"कोणता निळा?"

"तो नं, पायाशी. केवढा निळा आहे तो."

"नीट पाहा वहिनी. घाई नका करू."

"नीटच पाहून राहिली मी."

बाई माझ्याकडे वळल्या. अंधारात चेहरा दिसत नव्हता. "भाऊ?"

"राजन्य जास्त आहे, बाई," मी म्हणालो. "बराच जास्त."

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. समोरच्या दुकानात दादाराव कोणाशी तरी साखरेच्या भावावरून हुज्जत घालत होते. मग त्या म्हणाल्या, "रोहिणी पाहा. रोहिणी आणि काक्षी. त्यात कोण, किती?"

आम्ही पाहिलं. काक्षी जास्त, पण फार नाही. सुलभा आपल्या मनाने म्हणाली, मी माझ्या मनाने. बाईंचा आकडाही जवळजवळ तोच निघाला.

"लालाशी लाल जुळतो," बाई पुटपुटल्या. "निळ्याशी नाही." मग म्हणाल्या, "जा तुम्ही खाली. थंडी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत निघण्याच्या तयारीत होतो. बाई अंगणात आल्या. शाळेला न जाता घरी राहिलेलं मी त्यांना प्रथमच पाहिलं. हातावर ती साडी होती. ऊन अंगणात आलं होतं. त्यांनी काठ उन्हात धरला आणि सुलभाला विचारलं, "वहिनी, हा रंग कोणता?"

"निळा."

"कसा निळा? राखेसारखा?"

"राखेसारखा काहून? गर्द आहे की. किती सुंदर काठ आहे बाई, नेसत काहून नाही तुम्ही?"

बाईंनी काठ डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग उंबऱ्यावर बसल्या. "माझ्या डोळ्यांत कोणी तरी कंदील लावून ठेवला, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन् मले माहीतच नाही."

सदरला डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, मधोमध पिवळट झालेला. डॉक्टर तरुण आणि बोलका होता. म्हणाला, अजून पिकलेला नाही, वाचता येतं ना, चालता येतं ना, मग घाई कशाला? "मला निळं दिसत नाही," बाई म्हणाल्या. तो हसला. "साडी घ्यायची आहे का बाई? मुलीला न्या सोबत." बाई हसल्या नाहीत. शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर करायचं ठरलं.

त्यांनी आधी मंडळाला कळवलं. राजन्याशी आणि प्रश्वाशी ताडून काढलेले आकडे रद्द समजावेत. मी म्हटलं, एवढं करायची काय गरज आहे, पुढचं पाठवू नका म्हणजे झालं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते लोक माझा मोतीबिंदू मोजत बसतील, तारा समजून." पण कोणत्या हिवाळ्यापासून रद्द? तारा कुठे थांबला आणि डोळा कुठे सुरू झाला, हे कोण सांगणार? हा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवायला बसलो होतो. बाईंना तो आधीच सुटला होता. ज्या रविवारी साडी आली, त्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून.

त्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "उमरेडला येता का सोबत? एकटीनं गेली तर मी अर्ध्या रस्त्यातून परत येईन."

एस. टी.त त्या खिडकीशी बसल्या. साडी पिशवीत होती. उमरेडला घर शोधावं लागलं नाही. दारात शंकरराव खाटेवर बसून विडी ओढत होते. बहिणीला पाहून उठले. विडी विझवली. "ये," म्हणाले.

त्यांच्या नखांकडे माझं लक्ष गेलं. ती निळी नव्हती, काळी होती. अंगणाच्या कोपऱ्यात रंगाचे रांजण होते. एकात पाणी होतं आणि त्यातून कोंबड्या पीत होत्या. दुसरा फुटलेला होता.

बाईंनी साडी काढून खाटेवर ठेवली. "शंकर, माझे डोळे गेले," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे. तेव्हापासूनच असंल. निळं मले राखेचं दिसते. तुझा रंग खरा होता."

शंकरराव साडीकडे पाहात राहिले.

"आता कोणत्या कामावर आहेस?" बाईंनी विचारलं.

"कोळशाच्या डेपोवर. वजन कराले."

"अन् रंग?"

"सोडला. त्या दिवशीच सोडला."

"काहून गा? मी म्हटलं म्हणून?"

"मंग आणखी कोणी म्हटलं पाहिजे होतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुले दिसत नव्हतं, तुले माहीत नव्हतं. तुझा काय गुन्हा? मले तं दिसत होतं नं, ताई. मले तो काठ निळाच दिसे. तुझ्याकडे येताना बसमध्ये चारदा काढून पाहिला होता मी. निळाच. तरी मी म्हटलं, ताई म्हणते तं राखेचा असंल. आपलाच डोळा गेला असंल. ज्याले निळं-राखी कळत नाही, त्यानं रांजणात हात काय म्हणून घालावा?"

"पुन्हा सुरू कर," बाई म्हणाल्या.

"आता नीळ भिजवाले हात नाही राहिले." त्यांनी हात उलटे करून दाखवले, कोळशाच्या रेघा पडलेले. मग आत पाहून घरच्यांना चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला. तांदळाच्या भावाबद्दल, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाबद्दल बोलणं झालं. गाडीची वेळ झाली तेव्हा शंकररावांनी साडी घडी करून पिशवीत परत घातली आणि पिशवी बहिणीच्या हातात दिली. स्टँडवर सोडायला आले नाहीत.

ऑक्टोबरात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत आणि मान हलवू देत नसत. सुलभा दिवसा जाई, मी कचेरीतून संध्याकाळी. एकदा वॉर्डाबाहेरच्या बाकावर शंकरराव बसलेले दिसले. मी म्हटलं, आत चला. ते म्हणाले, "झोपली असंल." बाईंना सांगू का, म्हटलं. "पट्टी निघंल तेव्हा सांगा," म्हणाले, आणि गेले. पट्टी निघाल्यावर मी सांगितलं. बाईंनी विचारलं, "किती वेळ बसला होता?" ते मला माहीत नव्हतं.

जाड भिंगाचा चष्मा आला. एका डोळ्याने नवं दिसे, दुसऱ्याने जुनं. चालताना त्यांचा अंदाज चुके, पायरी आहे त्याहून जवळ वाटे. हिवाळा आला, छत्री लागली, आणि बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली, नवा डोळा, नवा पहिला आकडा. पण आता एक बदल झाला होता. पाहून झालं की त्या आधी सुलभाला किंवा मला हाक मारत. आमचा आकडा ऐकत, मग आपला सांगत. आम्ही रोज जात नसू. कोणाचं जेवण राहिलेलं असे, कोणाला ताप. हाकेला उत्तर गेलं नाही की त्या दुसरी मारत नसत. त्या संध्याकाळी आकडा नाही.

त्या हिवाळ्यानंतर, एप्रिलअखेर, त्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि उमरेडला राहायला जायचं त्यांनी ठरवलं. शंकररावांनी बोलावलं होतं का, असं सुलभाने विचारलं. "नाही म्हटलं नाही त्यानं," बाई म्हणाल्या.

जायच्या आदल्या दिवशी सामान बांधून झालं होतं. ऊन दिवसभर एवढं तापलं होतं की संध्याकाळीही गच्चीची फरशी पायाला चटके देत होती. एप्रिलच्या शेवटी मृग पश्चिमेला कलतो. मी पाण्याचा माठ वर ठेवायला गेलो तेव्हा बाई पश्चिमेच्या कठड्याशी उभ्या होत्या. राजन्य खाली उतरला होता, घरांच्या रांगेवर, धुळीत थोडा पुसट. काक्षी अजून चांगला वर होता.

"आज किती, बाई?" मी विचारलं.

"आज काक्षी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. चष्म्यातला डोळा मोठा दिसत होता आणि तो राजन्यावर होता. टक लावलेली होती. "हाही महाराक्षसीच आहे, भाऊ. काक्षीच्याच जातीचा. कदाचित त्याच्याहून तेज. इतकी वर्षं मी याला फक्त माप म्हणून वापरला. हा स्वतः कसा आहे, हे एकदाही पाहिलं नाही."

मी माठ ठेवला. खाली जायला वळलो तरी त्यांनी मागे पाहिलं नाही. जिन्याच्या दारातून मी एकदा पाहिलं. राजन्य शेजारच्या घराच्या टाकीमागे गेला, तशा त्या दोन पावलं डावीकडे सरकल्या. तो पुन्हा दिसू लागला. मग तो तिथूनही गेला, आणि त्या आणखी सरकल्या, कठड्याला हात लावत लावत, गच्ची संपेपर्यंत.